अ‍ॅस्टेरिस्क शिकायचंय: तयार फ्रीपीबीएक्स घेऊन की शून्यापासून?

तंबोरा_मिरज

नमस्कार मंडळी. मी एका निवासी शाळेत संगणक आणि नेटवर्क सांभाळतो. शाळेत चोवीस एक्स्टेन्शनची जुनी ईपीएबीएक्स (आतल्या फोनांची एक्स्चेंज) होती. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि तिची दोन कार्डं जळाली. दुरुस्तीवाला म्हणाला, ही कार्डं आता मिळत नाहीत, नवीनच घ्या. नव्याचं कोटेशन पाहून मुख्याध्यापकांनी फाइल बाजूला ठेवली. म्हटलं, अ‍ॅस्टेरिस्कवर (साध्या संगणकाला फोन एक्स्चेंज बनवणारं खुलं सॉफ्टवेअर) आपणच उभी करू.

स्टोअररूममधला ४ जीबी रॅमचा डेस्कटॉप पुसून घेतला, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं आणि फ्रीपीबीएक्स १७ (अ‍ॅस्टेरिस्क वेबच्या पडद्यावरून चालवणारं तयार पॅकेज) ची तयार स्क्रिप्ट चालवली. जेवून येईपर्यंत सगळं बसलेलं होतं. दोन मोबाइलवर सॉफ्टफोन (फोनचं अ‍ॅप) टाकले आणि १०१ वरून १०२ ला घंटी वाजली. ऑफिसातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मला मात्र चैन पडेना. पडद्यावर फॉर्म भरला, बदल लागू करायचं वरचं लाल बटण दाबलं, घंटी वाजली. का वाजली ते कळलं नाही. उद्या नाही वाजली तर मी बघायचं कुठे? जुन्या मशीनचंही तेच होतं, आत काय चालतं ते फक्त दुरुस्तीवाल्याला ठाऊक.

एक मित्र म्हणतो, सगळं पुसून टाक, अ‍ॅस्टेरिस्कचा सोर्स (मूळ कोड) आणून स्वतः कंपाइल कर, तरच शिकशील. शाळा १५ जूनला सुरू होते. हातात तीन आठवडे आहेत. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

वायरमन_नाना

मित्राचं ऐका.

मार्क स्पेन्सरनं १९९९ मध्ये अ‍ॅस्टेरिस्क लिहायला घेतलं ते तुमच्यासारख्याच अडचणीतून. अलाबामात शिकत असताना त्यानं लिनक्स सपोर्टची छोटी कंपनी काढली होती, फोन सिस्टीम घ्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वतः लिहिली. सोर्स सगळ्यांना खुला ठेवला म्हणून आज तुम्ही आणि मी याबद्दल बोलतोय.

आता तयार पॅकेजांचं आयुष्य बघा. मी सुरुवात केली तेव्हा अ‍ॅस्टेरिस्क-अ‍ॅट-होम नावाची सीडी होती. मशीनमध्ये घातली की अख्खी हार्ड डिस्क पुसून स्वतःच ठाण मांडायची. २००६ मध्ये तिचं नाव ट्रिक्सबॉक्स झालं. २०१२ मध्ये ट्रिक्सबॉक्सचं काम थांबलं. मग लोक इलॅस्टिक्सकडे गेले, ते इक्वाडोरमधल्या मंडळींचं. २०१६ मध्ये ते थ्रीसीएक्स या कंपनीकडे गेलं आणि त्याचं पोटच बदललं. जुन्या लोकांनी इसाबेल म्हणून वेगळी चूल मांडली. फ्रीपीबीएक्सची स्वतःची डिस्ट्रो सेंटओएस ७ या लिनक्सवर होती, त्या सेंटओएसचा आधार ३० जून २०२४ ला संपला, म्हणून १७ वी आवृत्ती डेबियनवर आली.

दर वेळी ज्यांना फक्त पडदा येत होता त्यांना नव्यानं श्रीगणेशा करावा लागला. मी २००७ मध्ये लिहिलेला डायलप्लॅन (कुठला नंबर लावला की काय करायचं याची फाइल) आजही जवळजवळ तसाच चालतो. सिपच्या (नेटवरून कॉल जोडायची पद्धत, तिचा जुना ड्रायव्हर) जागी पीजेसिप (नवा ड्रायव्हर) लिहिलं, बाकी एक्स्टेन्शन, प्राधान्यक्रम, डायल, हँगअप सगळं तेच.

ज्योत्स्ना_नाशिक

नाना, तुमच्याकडून पुष्कळ शिकले आहे, तरी इथे असहमत.

कंपाइल करणं आणि फोन समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉन्फिगर, मेक मेनूसिलेक्ट, मेक, मेक इन्स्टॉल. अर्धा तास पडद्यावर अक्षरं धावतात. शेवटी इतकंच कळतं की आपल्या मशीनवर अमुक लायब्ररी नव्हती. त्यातून १०२ ची घंटी का वाजली याचं उत्तर मिळत नाही.

मी एका हेल्पलाइनचे ४० एजंट आठ वर्षं फ्रीपीबीएक्सवर सांभाळतेय. शिकले ते बसवताना नाही, कॉल चालताना बघून. तंबोरा, तुमचं जे चालू आहे ते पुसू नका. टर्मिनलवर अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलला जोडा, व्हर्बोज (दाखवायचा तपशील) वाढवा, १०१ वरून १०२ लावा आणि पडद्यावर येणारी एकेक ओळ वाचा. कॉल कुठल्या कॉन्टेक्स्टमध्ये (डायलप्लॅनच्या विभागात) शिरला, कुठून कुठे उडी मारली, शेवटी डायल कधी झालं. हे चार दिवस केलंत की तुम्हाला दुरुस्तीवाल्याची गरज नाही.

माळावरचा

आमच्या सोसायटीचा इंटरकॉम गेटवर लावला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे वाजतो. काकूंना आता चारही विंगमधली सगळी पार्सलं तोंडपाठ आहेत. तंबोराभाऊ, तुमचं जमलं की आमच्याकडेही या.

वायरमन_नाना

ज्योत्स्नाताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. फ्रीपीबीएक्समध्ये १०१ वरून १०२ लावलं की कन्सोलवर पानभर ओळी येतात. फॉलो-मी आहे का, कॉल रेकॉर्ड करायचा का, डू-नॉट-डिस्टर्ब लावलंय का, सगळी विचारपूस होते आणि मग कुठेतरी मधोमध डायल येतं. हातानं लिहिलेल्यात त्याच कॉलला दोन ओळी येतात. डायल, आणि नाही उचलला तर हँगअप. नवशिक्यापुढे आधी दोन ओळी ठेवायच्या की पान?

ज्योत्स्ना_नाशिक

हे मान्य. दोन ओळी आधी. पण मग कंपाइलचा आग्रह कशाला? दोन ओळी लिहायला सोर्स लागत नाही.

वायरमन_नाना

डेबियन १२ च्या स्वतःच्या भांडारात अ‍ॅस्टेरिस्क नाहीच, त्यामुळे तिथे नुसतं अ‍ॅस्टेरिस्क हवं तर बहुधा सोर्सच घ्यावा लागतो. उबुंटू या लिनक्सवर एका आज्ञेत बसतं. तंबोरा, उबुंटू चालत असेल तर कंपाइल सोडा, माझी हरकत नाही. फाइल मात्र स्वतः लिहा.

रानजाई

एक सावधगिरी. फ्रीपीबीएक्समध्येच हात घालून शिकायचं ठरवलंत तर फाइलचं नाव आधी बघा. नावात 'अ‍ॅडिशनल' असलेल्या फाइली ते स्वतः तयार करतं. त्यात तुम्ही काहीही लिहा, पुढच्या वेळी लाल बटण दाबलं की सगळं साफ. माझी एक अख्खी सकाळ अशी गेली. दुपारी कुणीतरी एक नवं एक्स्टेन्शन टाकलं आणि मी लिहिलेला सगळा वेळापत्रकाचा डायलप्लॅन नाहीसा झाला. आपलं लिखाण नावात 'कस्टम' असलेल्या फाइलींतच ठेवायचं. त्यांना ते हात लावत नाही.

बिनतारी_८८

मी गणित शिकवतो, फोनमधलं कळत नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे. कॅल्क्युलेटर आधी की पाढे आधी?

घाटमाथा

पाढे आधी. पण दुकान उघडायची तारीख ठरलेली असेल तर गल्ल्यावर कॅल्क्युलेटर ठेवा आणि पाढे घरी म्हणा. तंबोरा यांनी शाळेत तयार पॅकेज चालू ठेवावं आणि घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये शून्यापासून लिहावं. एकाच मशीनवर दोन्ही करू नये.

जाता जाता: नेटवरचे जुने लेख वाचताना आवृत्ती बघा. सिप.कॉन्फ वापरणारा चॅन-सिप हा ड्रायव्हर अ‍ॅस्टेरिस्क २१ पासून काढूनच टाकलाय. डायलप्लॅनचे तेच तेच तुकडे पुन्हा वापरायचे मॅक्रोही त्याच आवृत्तीत गेले, आता त्यासाठी गोसब वापरायचं. दहा वर्षांपूर्वीचा लेख जसाच्या तसा उतरवून 'चालत नाही' म्हणून सोडून देणारी पोरं मी बघितली आहेत. चूक त्यांची नव्हती. २२ वी आवृत्ती घ्या, ती दीर्घकाळ आधार असलेली आहे.

सीमोल्लंघन

एकतर्फी आवाजाचा अनुभव सांगतो, कारण माझं खरं शिक्षण तिथे झालं.

पुण्यात एका छोट्या ऑफिसात तयार पॅकेज बसवलं, एका कंपनीचा सिप ट्रंक (नेटवरून मिळणारी बाहेरची लाइन) घेतला. कॉल लागायचे, समोरच्याला आमचं स्वच्छ ऐकू जायचं, आम्हाला त्याचं एक अक्षर नाही. रिसेप्शनवरच्या बाई दिवसभर 'हॅलो, हॅलो' करून रडकुंडीला आल्या. मी तीन दिवस पडद्यावरची बटणं चालू-बंद करत होतो.

चौथ्या दिवशी एका ज्येष्ठानं फोनवर सांगितलं, एसएनग्रेप (सिपचे संदेश दाखवणारं साधन) टाक आणि आपण कॉल लावताना पाठवलेलं पहिलं आमंत्रण उघड. उघडलं. खाली आवाजाचा तपशील असतो, त्यात 'सी' नं सुरू होणारी एक ओळ असते. त्या ओळीत आपण समोरच्याला सांगतो की तुझा आवाज या पत्त्यावर पाठव. आमच्या ओळीत लिहिलं होतं १९२.१६८.१.१०.

हा पत्ता आमच्या ऑफिसच्या भिंतीबाहेर कुणाला दिसतच नाही. कंपनीचा सर्व्हर बिचारा इमानेइतबारे आमच्या खासगी पत्त्यावर आवाज पाठवत होता आणि तो वाटेतच विरत होता. पत्रावर 'मागची खोली' एवढंच लिहून पोस्टात टाकावं तसं. पीजेसिपच्या ट्रान्सपोर्ट या भागात बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क लिहिलं, राउटरमधलं सिप-एएलजी (सिपच्या संदेशांत फेरफार करणारी सोय) बंद केलं, १०००० ते २०००० हे आरटीपीचे (आवाजाचे) पोर्ट या मशीनकडे वळवले. पुढच्याच कॉलला पलीकडच्या माणसाचा खोकला ऐकू आला. रिसेप्शनच्या बाईंनी मला उभं राहून चहा दिला.

फ्रीपीबीएक्समध्ये या दुरुस्तीला एकच बटण आहे, नेटवर्क आपोआप ओळखणारं. ते बटण मी पहिल्या दिवशीही दाबू शकलो असतो. पण ते कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं. आवाज आणि संकेत वेगवेगळ्या वाटांनी जातात हे ज्याला कळलं त्याला बटणाचं नाव वाचूनच अर्थ लागतो. म्हणून माझं मत नानांकडे झुकतं, पण कारण वेगळं आहे.

ज्योत्स्ना_नाशिक

सुंदर लिहिलंय. एसएनग्रेप दोन्हीकडे सारखंच चालतं, हेही नोंदवते.

तारेवरची_चिमणी

तंबोरा, शाळेत तांब्याच्या लाइन आहेत का? असतील तर हे वाचाच.

आपल्याकडच्या साध्या लाइनवर समोरच्यानं फोन ठेवला की एक्स्चेंजकडून स्पष्ट निरोप येईलच असं नाही, बऱ्याचदा फक्त बिझी टोन येतो. माणूस तो ऐकून फोन ठेवतो. मशीनला ऐकून ओळखावा लागतो. भारताचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद गप्प. अ‍ॅस्टेरिस्क मूळ अमेरिकी टोन धरून चालतं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गोदामात संध्याकाळी सातचा कॉल सकाळी नऊपर्यंत उघडा होता आणि रात्रभर बाहेरच्यांना लाइन बिझी लागत होती.

दाहडीच्या (साध्या लाइनची कार्डं चालवणारा ड्रायव्हर) फाइलींत टोनझोन 'इन' (भारत) करा, बिझी-डिटेक्ट चालू करा, बिझी-पॅटर्न ७५०, ७५० लिहा. एक्स्चेंजला विनंती करून पोलॅरिटी रिव्हर्सल (कॉल संपला की लाइनचं धन-ऋण उलटणं) चालू करून मिळालं तर सोन्याहून पिवळं. हे काम मला कुठल्याच तयार पॅकेजनं आपणहून करून दिलेलं नाही. दर वेळी फाइल उघडावी लागली.

आणि कॉलर आयडी! चॅन-दाहडीची नमुना फाइल उघडून बघा, कॉलर आयडी कधी सुरू होतो हे सांगायच्या पर्यायांत भारतासाठी वेगळी नोंद आहे. आपल्याकडे डीटीएमएफनं (फोनच्या बटणांच्या सुरांनी) नंबर पाठवायची पद्धत होती म्हणून कुणीतरी तेवढ्यासाठी कष्ट घेतले. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

रानजाई

अवांतर, पण राहवत नाही. मराठी आवाज कुणी घातलाय का? आमच्या दूध संस्थेत 'आपलं आजचं दूध अमुक लिटर, फॅट अमुक' असं फोनवर सांगायचंय.

सूरपेटी

रानजाई, मी केलंय. रेकॉर्डिंग सोपं आहे. ८ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट, सॉक्स या साधनानं बदलून घ्यायचं. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेनं आवाज दिला. त्या 'कृपया' म्हणताना जराही घाई करत नाहीत.

अडचण आकड्यांची. इंग्रजीत 'ट्वेंटी' आणि 'फाइव्ह' या दोन फाइली जोडल्या की पंचवीस झाले. मराठीत 'वीस' आणि 'पाच' जोडून पंचवीस होत नाहीत. एकोणतीस, सदतीस, एकोणऐंशी, प्रत्येक शब्द वेगळा. शून्य ते नव्व्याण्णव शंभर फाइली करायला लागल्या. बाईंनी दोन बैठकांत केल्या. त्रेसष्ट आणि सदुसष्ट पुन्हा घेतले, कारण फोनवर ते एकसारखे ऐकू येत होते. पुढे साडेतीन लिटर, पावणेदोन लिटर असं सांगायचं असेल तर त्याचा नियम आपणच लिहायचा.

नियम से.कॉन्फ या फाइलीत लिहितात, मोड 'न्यू' करून. पडद्यावर ती फाइल कधी भेटत नाही. मी ती वाचायला बसलो तेव्हा मला डायलप्लॅनचा नमुना कसा जुळवायचा हे आधीपासून येत होतं, कारण पहिले दोन महिने हातानं लिहीत होतो. तेच कामी आलं. शेतकरी फोन करतात आणि त्यांना त्यांच्या भाषेत आकडा ऐकू येतो. पहिल्या दिवशी एका आजोबांनी तीनदा फोन केला, नुसतं ऐकायला.

रानजाई

आजोबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. व्यनि करते, फाइली देता येतील का?

सूरपेटी

बाईंना विचारून देतो. आवाज त्यांचा आहे.

घाटमाथा

सुरक्षेबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. शिकायचं मशीन इंटरनेटवर उघडं ठेवू नका. ५०६० पोर्ट उघडलं की १०१ ला १०१ हा पासवर्ड आहे का, हे बघायला परक्या यंत्रांची रीघ लागते. घुसली की शनिवार-रविवारच्या रात्री परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल जातात आणि बिल सोमवारी कळतं. तयार पॅकेज लांबलचक पासवर्ड स्वतः सुचवतं, फायरवॉल देतं, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचा वेबचा पडदा ही आणखी एक खिडकी असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रीपीबीएक्सच्या एंडपॉइंट मॉड्यूलमधली खोट वापरून, ज्यांचा अ‍ॅडमिन पडदा इंटरनेटवर उघडा होता अशा मशीनांत लोक घुसले होते. नुसतं अ‍ॅस्टेरिस्क असेल तर ती खिडकीच नसते, पण फेलटूबॅनपासून (चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना अडवणारं साधन) सगळं तुम्हालाच लावावं लागतं.

तारेवरची_चिमणी

+१. आणि कायद्याचं एक. शाळेच्या आतल्या आत काय वाटेल ते जोडा. पण परदेशातून नेटवर आलेले कॉल सिमकार्डांच्या गेटवेतून इथल्या नंबरांवर सोडणं हा गुन्हा आहे. 'तुमच्या सर्व्हरवर जागा द्या, महिन्याला पैसे देऊ' म्हणत कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा.

माळावरचा

तंबोराभाऊ कुठे गेले? १५ जून जवळ आला.

तंबोरा_मिरज

इथेच आहे. सगळं वाचत होतो आणि करत होतो.

घाटमाथा म्हणाले तसं शाळेचं मशीन पुसलं नाही. घरी व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू टाकून नुसतं अ‍ॅस्टेरिस्क बसवलं. नमुना फाइली बाजूला सारून पीजेसिप.कॉन्फ कोरी उघडली. एका फोनला तीन भाग लिहावे लागतात: एंडपॉइंट (फोन कसा वागेल), ऑथ (पासवर्ड) आणि एओआर (फोन कुठे सापडेल). फ्रीपीबीएक्सच्या एका फॉर्ममागे हे तिघं उभे असतात, हे पहिल्यांदा दिसलं. मग डायलप्लॅन. सगळा मिळून अकरा ओळींचा.

पहिला कॉल लागला नाही. कन्सोलवर एकच ओळ आली: १०१ कडून १०२ साठी आलेला कॉल नाकारला, कारण 'शाळा' या कॉन्टेक्स्टमध्ये ते एक्स्टेन्शन सापडलं नाही. तासभर बघत बसलो. मी नमुना '१एक्सएक्स' (१ आणि पुढे कुठलेही दोन आकडे) लिहिला होता, पण त्याच्या आधीची खालची रेघ (_) राहिली होती. ती नसेल तर अ‍ॅस्टेरिस्क त्याला नमुना न समजता अक्षरशः '१एक्सएक्स' नावाचं एक्स्टेन्शन समजतं. रेघ घातली, डायलप्लॅन रीलोड केला, टेबलावरचा दुसरा मोबाइल थरथरला. मग ६०० वर एको लावला आणि स्वतःचा 'नमस्कार' क्षणभर उशिरानं कानात परत आला. त्या वेळी घरात मी एकटाच जागा होतो.

ज्योत्स्नाताई, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तुम्ही सांगितलेलं पानभर वाचलं. पहिल्या दिवशी त्यातलं काहीच कळलं नव्हतं. आता मधली विचारपूस ओलांडून डायलची ओळ सापडली. आणि दुपारी वसतिगृहातून तक्रार आली की १२० लागत नाही. कन्सोल उघडला, १२० कुठेच सापडत नव्हतं. कुणीतरी एक्स्टेन्शन भरून लाल बटण दाबायचं विसरलं होतं. दोन मिनिटांत सुटलं, कुणाला फोन न करता.

आता एक अडलंय. वसतिगृहात चोवीस जुने साधे फोन आहेत आणि भिंतींतून जुनी तांब्याची वायर गेलेली आहे. नवीन नेटवर्क केबल ओढायला पैसे नाहीत. सगळे फोन टाकून द्यावे लागतील का?

वायरमन_नाना

एकही टाकू नका. चोवीस पोर्टचा एफएक्सएस गेटवे (साधे फोन नेटवर्कला जोडणारी पेटी) घ्या. जुन्या ईपीएबीएक्सच्या टॅगब्लॉकवर जिथे वायरी येतात तिथेच त्याची केबल क्रोन करा (खाचेत ठोकून बसवा), फोन भिंतीवर आहेत तसेच राहतील. आधी मल्टिमीटरनं प्रत्येक जोडी तपासून कागदावर खोली क्रमांक लिहा. आणि या वेळी अर्थिंग नीट करून, लाइनवर सर्ज प्रोटेक्टर बसवूनच जोडा, वळीव दर वर्षी येतो.

ज्योत्स्ना_नाशिक

गेटवेचे चोवीसही एक्स्टेन्शन फ्रीपीबीएक्समध्ये एकेक करून भरू नका, सीएसव्ही फाइल एकदाच आयात होते. नमुना फाइल रात्री पाठवते.

तंबोरा_मिरज

नाना, टॅगब्लॉक उघडला. आतल्या झाकणावर कुणीतरी पेन्सिलीनं चोवीसही खोल्यांचे क्रमांक लिहून ठेवलेत, एकही खोडलेला नाही. फोटो टाकतो.